उजेडाची जागा : चर्चमधल्या चित्रप्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

२८ डिसेंबर, शनिवार

नाताळची गडबड ओसरल्यावर आज पाळकसाहेबांनी आत येऊ दिलं. नाशिकच्या शरणपूर भागातलं जुनं दगडी चर्च. मंडळींनी नाव कुठे छापू नका असं सांगितलंय, तेव्हा या वहीतही नुसतं 'चर्च'. छताला अजून कागदी तारे लटकत होते आणि गव्हाणीतलं गवत वेदीच्या पायरीवर सांडलं होतं.

मापं घेतली. आतली लांबी ७० फूट, रुंदी २४, भिंती दोन फूट जाड. वेदी पूर्वेला, दार पश्चिमेला. दक्षिणेच्या भिंतीत टोकदार कमानीच्या पाच उभ्या खिडक्या. उत्तरेची भिंत सलग आहे, चित्रं तिथेच लागणार. दाराच्या वर एक गोल खिडकी, व्यास तीन फूट, मध्य जमिनीपासून सोळा फुटांवर. कडेने पिवळे-निळे तुकडे, मधे साधी काच. वर सागवानी कैच्या आणि मंगळुरी कौलं.

पहिली अट दारातच ऐकली, खिळा ठोकायचा नाही. चुन्याचा गिलावा आहे, एक खिळा ठोकला तर वीतभर पोपडा येईल. बरोबरच आहे.

साडेतीनला गोल खिडकीतून ऊन आलं आणि उत्तरेच्या भिंतीवर पडलं. जेमतेम दीड फुटाचा तुकडा, टोपलीच्या तोंडाएवढा. दारापासून १३ फूट, उंची सहा फूट. म्हणजे चित्रं टांगणार नेमकी तिथेच. मग तो वर आणि वेदीकडे सरकत गेला, पाचला अकरा फुटांवर चढला, नंतर दिसेनासा झाला. मी मास्किंग टेपने त्या जागेला चौकट केली आणि नकाशावर लिहिलं, 'सूर्याची जागा, रिकामी ठेवणे'. स्वतःवर खूष होऊन घरी आलो.

५ जानेवारी, रविवार

उपासना संपल्यावर मागच्या बाकांवर बैठक. आम्ही सहा चित्रकार, पाळकसाहेब आणि कमिटीचे तिघे. विषय 'उजेड' हा आधीच ठरलेला. एकूण २२ चित्रं. तारखा १४ ते २३ फेब्रुवारी, कारण ५ मार्चला राखेचा बुधवार, तिथून उपवासकाळ, त्यात त्यांना असला गजबजाट नको. रविवारी सकाळी बाकं जागच्या जागी हवीत. वेदीसमोर काही उभं करायचं नाही. आत खाणं नाही, चहा बाहेर चिंचेखाली.

कमिटीतल्या एका आजोबांनी विचारलं, "यात येशूचं चित्र किती?" एकही नाही म्हटल्यावर ते थोडे हिरमुसले. पाळकसाहेबांनी विषय छान वळवला. त्यांनी अँजेलो द फोन्सेका काढला. गोव्याचा चित्रकार, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकला, नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि मरियेला साडी नेसवून रंगवलं. त्या काळी लोकांना तेही रुचलं नव्हतं म्हणे. "चित्रं आधी येऊ द्या, मग बोलू," एवढं म्हणून ते उठले. आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, पण कोणत्या अर्थाने ते कळलं नाही.

कोण काय देणार, ते ढोबळ लिहून ठेवतो. जलरंगवाल्या मावशी गोदाघाटाची पहाट, सहा छोटी चित्रं. शिवाजी तुप्यांची घाटावरची जलरंगचित्रं बघत या गावातले दोन पिढ्यांचे चित्रकार मोठे झाले, मावशीही त्यातल्याच. गंगापूर रोडचे सर पांडवलेणी करताहेत, १८ नंबरचं लेणं, चैत्यगृह. दारावरच्या कमानदार गवाक्षातून आलेला उजेड आत स्तूपापर्यंत पोचतो, आणि आसपासची कोरीव भिंत काळोखात बुडते. ते म्हणाले, "दारावर एकच भोक ठेवून पार आतली वस्तू उजळायची, हे आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून चालू आहे. या चर्चवाल्यांनीही तेच केलंय." हे मला आवडलं. माझी स्वतःची दोन तैलचित्रं, वाड्याच्या चौकातला दुपारचा उजेड. बाकी मोठं काम आम्हा सहांतल्या धाकट्याचं, त्याच्याबद्दल पुढे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम शून्य. गच्चीवर पतंग. मावशींचा तिळगूळ आणि निरोप, 'गोड बोला आणि फ्रेमचं माप कळवा'.

२२ जानेवारी, बुधवार

सातपूरला फॅब्रिकेटरकडे. भिंतीला हात लावायचा नाही तर चित्रं आपल्या पायांवर उभी राहायला हवीत. एक इंची चौकोनी पाइपच्या सात फुटी चौकटी, मागे त्रिकोणी टेकू, तळाला रबरी बूच, कारण खाली जुनी शहाबादी फरशी आहे. वर प्लाय, प्लायवर मांजरपाट ताणून. चौकटी भिंतीला जवळजवळ टेकतील, पण बोटभर अंतर राहील. अकरा चौकटी. मालक म्हणाला, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेची कामं आहेत, त्याआधी देतो. चर्चचं काम म्हणून वेल्डिंग घासून दिलं, पैसे वेगळे लावले नाहीत.

धाकट्याचं चित्र पाहिलं. पाच फूट बाय सात. शरणपूर हे गाव मुळात मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलं, शरण आलेल्यांचं पूर. इथे आफ्रिकेतून आणलेली मुलंही होती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली. ती इथे शाळेत शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. १८६६ साली संशोधक-प्रवासी लिव्हिंगस्टन आफ्रिकेत शिरला तेव्हा त्याच्याबरोबर यातली नऊ पोरं होती, इंग्रजी कागदांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. नंतर गेलेला जेकब वेनराइट हाही इथलाच विद्यार्थी. १८७३ साली लिव्हिंगस्टन मेला, त्या झाडावर नाव कोरलं ते वेनराइटने. मग त्याच्या सोबत्यांनी महिनोन्महिने चालत ते शव किनाऱ्याला आणलं. वेनराइट शवाबरोबर लंडनपर्यंत गेला, आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबेत खांदा देणाऱ्यांत तो होता. शरणपूर रोडवर तिबेटियन मार्केटला स्वेटर घ्यायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? मला चाळिशीपर्यंत नव्हतं.

धाकट्याने यातलं काहीच दाखवलेलं नाही. नुसता वर्ग. काळ्याभोर खोलीत सात-आठ पाट्या आणि प्रत्येक पाटीवर थोडा उजेड. मुलांचे चेहरे नाहीत, हात आहेत. मी म्हटलं, फार गडद झालंय, चर्चमध्ये काही दिसणार नाही. तो म्हणाला, "दिवा लावा ना."

१ फेब्रुवारी, शनिवार

दिव्यांचा हिशेब. चर्चमध्ये प्लग सहा, तेही पाच अँपियरचे. ट्रॅकवर एलईडी, १२ वॅटचे वीस. एकूण लोड २४० वॅट, घाबरण्यासारखं काही नाही. ४,००० केल्व्हिनचे मागवले. पिवळसर हवेत की पांढरे यावर सरांशी अर्धा तास वाद. जलरंगासाठी संग्रहालयं ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर जात नाहीत, तैलरंगाला २०० चालतात. तेव्हा सहा जलरंगांवरचे दिवे मंद करावे लागतील.

रात्री सरांनी कोल्हापूरच्या किरणोत्सवाचा फोटो पाठवला. मावळतीचं ऊन ३१ जानेवारीला अंबाबाईच्या पायांवर, १ फेब्रुवारीला छातीपर्यंत, २ फेब्रुवारीला मुखावर. 'तीनच दिवस येतो बघ,' असं खाली लिहिलेलं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि झोपलो. ही नोंद नंतर वाचताना लाज वाटली. अकरा तारखेची नोंद बघा.

९ फेब्रुवारी, रविवार

चौकटी आल्या. दोन पिकअप. बाकं वॉचमन काका आणि तरुण मंडळींनी भराभर सरकवली. काका गेली कित्येक वर्षं इथेच, घंटाही तेच वाजवतात. एक चौकट दारात अडकली, अर्धा इंच मोठी. माझंच माप चुकलं. घासून आत घेतली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून चित्रं लावली. मध्यरेषा जमिनीपासून ५७ इंच, डोळ्याच्या उंचीला. छोटी चित्रं दोनाच्या उतरंडीत. नकाशाप्रमाणे दारापासून १३ फुटांची 'सूर्याची जागा' मोकळी सोडली. मावशींची घाटचित्रं २७ ते ३३ फुटांत, कारण तिथे भिंतीवर सर्वात शांत, सारखा उजेड होता. साडेतीनला सगळे मुद्दाम थांबलो, मला माझा ऊनतुकडा सगळ्यांना दाखवायचा होता.

साडेतीन झाले. काही नाही. पावणेचार. भिंत कोरडी. ऊन होतं, पण खाली बाकांवर. धाकटा म्हणाला, "दादा, सूर्याला पत्ता दिला होता ना?"

साडेचारला ऊन भिंतीच्या पायथ्याशी आलं, दारापासून चोवीस फुटांवर. तिथून वर आणि पुढे चढायला लागलं. आणि हा तुकडा टोपलीएवढा नव्हता, सहा फूट लांब, पसरलेला, चांगला ढळढळीत. पाच दहाला तो मावशींच्या तिसऱ्या आणि चौथ्या चित्रावर आडवा बसला. रामकुंडावरचं फिकं गुलाबी पाणी पेटल्यासारखं दिसलं. दोन मिनिटं सगळे गप्प, खरंच सुंदर होतं. मग मावशी ओरडल्या, "काढा ते! त्यात अलिझरिन आहे!"

अलिझरिन क्रिमझन उन्हात उडतं, हे कलाशाळेच्या पहिल्या वर्षी शिकवतात. दोघांनी धावत चित्रं उतरवली. लक्समीटर धरला तर १४,०००. आणि मी पाच दिवस मंद दिव्यांचं गणित घालत बसलो होतो! हिशेब केला तर वीस मिनिटं इतकं ऊन म्हणजे ५० लक्सखाली त्र्याण्णव तास.

काका बाकावर बसून बघत होते. म्हणाले, "नाताळला तिथं पडतं, आता इथं. इस्टरच्या आधी वेदीवर जातं." मी म्हटलं, आधी सांगायचं ना! "तुम्ही टेप लावत होता, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल रात्री नीट बसून मांडलं. डिसेंबरच्या शेवटी सूर्य जेवढा दक्षिणेला जायचा तेवढा गेलेला असतो, सव्वातेवीस अंशांच्या थोडा पुढे. दुपारी साडेतीनला तो नैर्ऋत्येकडून तिरका येतो, म्हणून गोल खिडकीतून शिरलेलं ऊन लगेच उत्तरेच्या भिंतीला धडकतं, दाराजवळच. शिवाय भिंत दोन फूट जाड, इतक्या तिरक्या उन्हाला खिडकीची कडच अडवते, म्हणून तुकडा एवढासा. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य तेरा-चौदा अंशांवर आलेला असतो, मावळतीकडे सरळ झालेला. ऊन भिंतीला घासत लांबवर जातं, उशिरा पोचतं आणि कडेला अडत नाही. म्हणून १३ फुटांचे २९ फूट, साडेतीनचे पाच दहा, आणि दीड फुटाचे सहा.

हे काही कुठल्या ग्रंथात दडलेलं नव्हतं. संक्रांतीला उत्तरायण उत्तरायण म्हणून तिळगूळ खाल्ला. खरं उत्तरायण तर २१-२२ डिसेंबरलाच लागतं, हेही माहीत होतं. पण नकाशावर मी जागा लिहिली, वेळ लिहिली आणि तारीख लिहिली नाही. चित्रकार म्हणवतो स्वतःला. फ्रेंच चित्रकार मोनेने रुआँच्या कॅथेड्रलची तीसपेक्षा जास्त चित्रं केली, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. त्याची गोष्ट आम्ही पोरांना चवीने सांगतो आणि स्वतः एका दुपारवर विसंबून अकरा चौकटी उभ्या करतो.

पुढचा हिशेब जास्त महत्त्वाचा. तेवीस तारखेपर्यंत तुकडा अजून सरकणार, कागदावर रोज फूटभराहून जास्त. शेवटच्या दिवशी तो ४३ फुटांच्या आसपास, पावणेसहाला. म्हणजे २६ ते ४६ हा वीस फुटांचा पट्टा आळीपाळीने उन्हात.

तीन मार्ग. गोल खिडकीला काळं कापड लावणं, कमिटी हो म्हणाली असती, पण उजेडावरच्या प्रदर्शनात खिडकी बंद करायची म्हणजे लग्नात नवरदेवाला खोलीत कोंडण्यासारखं. वीस फूट मोकळे सोडणं, म्हणजे पाच चित्रं बाद. तिसरा धाकट्याने सुचवला आणि तोच केला. त्या पट्ट्यात फक्त तैलरंग, पट्ट्याच्या मधोमध त्याचा वर्ग. मावशींची सहा चित्रं दाराकडे, १३ फुटांवर. जी जागा मी सूर्यासाठी रिकामी ठेवली होती, तीच फेब्रुवारीत सगळ्या भिंतीवरची सर्वात सुरक्षित जागा निघाली. मावशी हसून हसून थकल्या. टेपची चौकट काढली नाही, तिच्या आतच रामकुंड बसवलं.

दुपारी चारपासून उजेडात उभे राहून अजून एक गोष्ट कळली. भिंतीला घासून येणाऱ्या उन्हात कॅनव्हासचा प्रत्येक झोळ दिसतो. दिव्याखाली सपाट वाटणारा माझा वाडा उन्हात वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसत होता. रात्री दहापर्यंत चौकटींच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी ठोकल्या. हलक्या हाताने, दोन-दोन ठोके, चारही कोपऱ्यांत फिरत, नाहीतर एक कोपरा ताणतो आणि समोरचा सुटतो. चर्चमध्ये त्या ठकठकीचा आवाज कैच्यांपर्यंत जाऊन परत येत होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्घाटन चारला. भाषणं नकोत असं ठरवलं होतं, तरी दोन झाली. गर्दी बरी. कॉलेज रोडच्या बाजूने आलेल्या जोडप्यांची संख्या तारखेमुळे जरा जास्तच.

सव्वापाचला ऊन धाकट्याच्या चित्राच्या डाव्या कडेला लागलं. त्या गडद रंगात एवढे थर आहेत हे मलाही दिसलं नव्हतं. काळ्याखाली तांबूस, त्याखाली निळा. एक पाटी उजळली, मग दुसरी. आधी हातांमागे काहीच नव्हतं, आता खांदे दिसले. एका शाळकरी मुलीने आईला विचारलं, "आतून लाइट लावलाय का?" पाऊण तासाने तेच चित्र पुन्हा काळं. एलईडी त्याच्यावर दिवसभर होते, त्यांनी हे केलं नव्हतं. धाकट्याने रातोरात चित्राखालचा दिवा काढून टाकला, मला न विचारता. मी काही बोललो नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उपासनेला बाकं परत. मंडळी चित्रांच्या मधेच बसली. कमिटीतले ते आजोबा पांडवलेण्यासमोरच्या बाकावर होते. उपासनेनंतर सरांना म्हणाले, "हे स्तूपाचं चित्र इथं बरं दिसतंय." आणि थोडं थांबून, "वेदीच्या बाजूला नको, पण इथं बरं दिसतंय."

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. रस्ते मिरवणुकीत, आत दिवसभरात मोजून अकरा माणसं. त्यातले दोघं ढोलपथकाचे, कुर्त्यावर गुलाल, सावलीला आले होते. साडेपाचला ऊन माझ्या वाड्यावर. पाचरी ठोकल्याचं सार्थक. चौकातलं मी रंगवलेलं ऊन आणि वरून पडलेलं खरं ऊन यांची दिशा उलट आहे, हे आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, आज ढोलवाल्याच्या आलं. "सावली तिकडं पाहिजे ना?" रोममध्ये कॅराव्हॅज्जिओने सान लुइजी चर्चमधल्या संत मॅथ्यूच्या चित्रात उजेड खऱ्या खिडकीच्या बाजूनेच आणलाय. त्याला जागा आधी माहीत होती, असं स्वतःला सांगून घेतलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा दिवस. पावणेसहाला तुकडा ४४ फुटांवर. माझं गणित एका फुटाने चुकलं, चालायचंच. सातनंतर उतरवायला सुरुवात. गिलाव्याला ओरखडा नाही. फरशीवर एका बुचाचा काळा गोल उमटला, काकांनी रॉकेलने पुसला. विक्री चार चित्रांची, त्यातली तीन मावशींची. धाकट्याचा वर्ग पाळकसाहेबांनी शाळेच्या दालनासाठी काही दिवस ठेवून घेतला. मी त्यांना बजावून आलो, टांगण्याआधी वर्षभर त्या भिंतीवर ऊन कुठे येतं ते बघा.

२० मार्च, गुरुवार

चौकट, चित्र, काही नाही. नुसता बघायला गेलो. आपल्या सुंदरनारायणाच्या मूर्तीवर २१ मार्चला सकाळी किरणं येतात, ते दरवर्षी पेपरात वाचतो. इथे संध्याकाळ. काका घंटेची दोरी गुंडाळत होते. समोरची झाडं आणि पलीकडची इमारत यांच्या फटीतून सहाला ऊन आलं, गोल खिडकीतून सरळ सत्तर फूट लांब, कुठल्याही भिंतीला न लागता. वेदीपर्यंत पोचलं खरं, पण मधोमध नाही. डावीकडे, पाळकसाहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर. सवयीने टेप काढली. मध्यापासून साडेचार फूट.

काकांना म्हटलं, तुम्ही तर वेदीवर म्हणाला होता.

"वेदीवरच म्हटलं. मधोमध कुठं म्हटलं?"